घरांतील आसरा : खालीं कीं वर?

अमेरिकेच्या मध्यभागांत भोवऱ्याप्रमाणें गरगरत येणाऱ्या वादळांचें भय मोठें. तेथील कित्येक कुटुंबें परसांत भूमीखालीं पोलादी खोली बसवून घेतात व भोंगा वाजतांच तींत उतरतात. असा आसरा आपल्याहि घरीं असावा, असें विचारी गृहस्थांस वाटणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें तो अवश्य असावा. परंतु कोणत्या संकटासाठीं, हें आधीं ठरवावें. कृष्णाकांठच्या दोन जिल्ह्यांचा अनुभव याविषयीं पुरेसा बोलका आहे.

प्रथम सातारा जिल्हा घेऊं. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे चारच्या सुमारास कोयनानगरचा परिसर भूकंपानें हादरला व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीचा ता. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंपहि पहांटेचाच. दोन्ही वेळां लोक गाढ झोंपेंत होते, आणि मातींत रचलेल्या दगडी भिंतींनींच त्यांचा घात केला. अशा भिंतीचे आंतला व बाहेरचा थर एकमेकांशीं बांधलेले नसतात. धक्क्यासरशीं ते फांकतात व वरचें ओझें खालीं कोसळतें. मग तळघराचा उपयोग तो काय?

भूकंप पूर्वसूचना देत नाहीं. म्हणून त्यापासूनचा आसरा म्हणजे निजण्याचीच खोली. सबंध घर नव्यानें बांधण्याची ऐपत नसल्यास निदान वृद्ध व मुलें निजतात ती खोली जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालीं बळकट करून घ्यावी. भिंतीचे दोन्ही थर सळईच्या व काँक्रीटच्या आरपार सांध्यांनीं जोडावे. दारांखिडक्यांच्या माथ्यावर चारी भिंतींस वेढणारा लोखंडी जाळीचा व सिमेंटचा सलग पट्टा करावा. छप्पर हलकें असावें, कपाटें भिंतीस जखडावीं, आणि माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं जड भांडीं उशाशीं लोंबत ठेवूं नयेत.

आतां सांगलीकडे वळूं. कराडास कोयना कृष्णेस मिळते व पुढें सांगलीजवळ वारणाहि येऊन मिळते. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर गेलें. २००५ व २०२१ सालींहि शहरांत पूर शिरला होता. येथें भूमीखालची खोली म्हणजे विहीरच! येथील आसरा उंचावर हवा. २०१९ ची खूण भिंतीवर करून तिच्या वर धान्य, औषधें, पिण्याचें पाणी व कागदपत्रें ठेवण्याची सोय करावी.

मात्र या माळ्याच्या भरंवशावर माणसांनीं घरांत बसून राहूं नये. पूर भूकंपासारखा अकस्मात् येत नाहीं. पातळी तासातासानें कळते. ता. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. रस्ता कोरडा असतांनाच निघणें श्रेयस्कर, हाच त्या दुर्घटनेचा धडा होय.

तात्पर्य, साताऱ्याकडील गृहस्थानें आपली निजण्याची खोली बळकट करावी, आणि सांगलीकरानें वस्तु वर चढवून, विजेचा मुख्य खटका बंद करून, वेळेवर घराचें दार ओढून घ्यावें. आसरा बांधण्यास पैसा लागतो. तो कोणता हवा हें ओळखण्यास मात्र विचारच लागतो.