थायलंडातील मध्यमवर्ग व नागरी समाज

नागरी समाजास थायी भाषेत ‘प्रचासंखोम’ असा शब्द आहे. ‘प्रजा’ व ‘संगम’ ही त्याची दोन अंगे मराठी वाचकास सहज ओळखू येतील. मात्र थायीत ‘संखोम’ म्हणजे नद्यांचा संगम नव्हे, तर समाज. १९९० नंतरच्या दशकात बँकॉकमधील विद्वान व स्वयंसेवी संस्था यांच्यात हा शब्द रूढ झाला. सुशिक्षित मध्यमवर्ग वाढला की लोकशाहीस आधार मिळतोच, ही धारणा त्यामागे होती. थायलंडचा इतिहास तिला अर्धाच दुजोरा देतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये थम्मासात विद्यापीठातून उठलेल्या आंदोलनाने थानोम कित्तिकाचोर्न यांची लष्करी राजवट कोसळली. मे १९९२ मध्ये, निवडणूक न लढविता पंतप्रधान झालेले सेनानी सुचिंदा क्राप्रयून यांना बँकॉकच्या रस्त्यांवरील जनतेने पायउतार व्हावयास लावले. त्या गर्दीस तेव्हा ‘भ्रमणध्वनीवाल्यांचा जमाव’ असे नाव पडले. त्या काळी ती वस्तू नोकरदार व व्यापारी यांच्याच हाती असे.

परंतु ऑक्टोबर १९७६ मध्ये त्याच विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली, तेव्हा मध्यमवर्गातील मोठा भाग भयापोटी दमनाच्या बाजूस होता, हे बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९७७ मध्येच दाखवून दिले. १९९२ च्या विजयातून जन्मलेले १९९७ चे संविधान तर अधिकच बोलके आहे. ‘प्रजेचे संविधान’ म्हणून ते गौरविले गेले. तथापि प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारास त्याने विद्यापीठाची पदवी आवश्यक ठरविली, सूट केवळ माजी सदस्यांना. बहुसंख्य शेतकऱ्यांस त्यामुळे मत होते, उमेदवारी नव्हती. ‘प्रजा’ या शब्दाच्या अर्थाला पडलेली ही मुरड कायद्याच्या भाष्यकारांपेक्षा शब्दार्थाच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने पाहावी अशी आहे.

ग्रामीण मतदार सरकारे निवडतो व शहरी मध्यमवर्ग ती पाडतो, असा सिद्धान्त अनेक लाओथम्मथास यांनी त्याच दशकात मांडला. पुढील घटनांनी त्याला जणू पुरावा पुरविला. थक्सिन शिनावात्रा यांच्याविरुद्ध पिवळ्या सदऱ्यांचे आंदोलन उभे राहिले व सप्टेंबर २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २०१० मध्ये लाल सदरेवाले राजधानीत आले, ते स्वतःस ‘फ्राय’ म्हणजे वेठीचे कुळ म्हणवीत व सत्ताधाऱ्यांस ‘अम्मात’. हा ‘अम्मात’ म्हणजे आपल्या अष्टप्रधानांतील अमात्यच. तेथे मात्र तो शिवीच्या जवळ पोहोचला होता. त्या संघर्षात नव्वदांहून अधिक माणसे मेली. दडपणुकीनंतर २३ मे रोजी हजारो नागरिक झाडू घेऊन रस्ते धुण्यास उतरले. स्वयंस्फूर्त, शिस्तबद्ध, परोपकारी: पाठ्यपुस्तकातील नागरी समाजच तो, फक्त मृतांविषयी तो फारसे बोलला नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत सुथेप थाउगसुबान यांच्या अनुयायांनी निवडणुकीपूर्वी सुधारणा हव्यात असे म्हणत बँकॉकच्या काही भागांत मतदानच अडविले. मे महिन्यात पुन्हा लष्कर आले. तरीही वर्ग म्हणजे एकच मन नव्हे. त्या अडवणुकीस मोठा पाठिंबा देणाऱ्या बँकॉकने मे २०२३ मध्ये ३३ पैकी ३२ जागा लष्करविरोधी ‘मूव्ह फॉरवर्ड’ पक्षास दिल्या. देशभरात १५१ जागा मिळवूनही लष्करी राजवटीने नेमलेल्या सिनेटच्या विरोधामुळे त्यास सत्ता मिळाली नाही आणि ७ ऑगस्ट २०२४ रोजी संविधान न्यायालयाने तो पक्ष विसर्जित केला.