घास, घोट आणि पित्त : अन्ननलिकेच्या विकारांची भाषा

अन्ननलिका हा अवयव बाहेरून दिसत नाही व चाचपताही येत नाही. म्हणून तिच्या विकारांचे निदान दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी रुग्णाच्या शब्दांपासून सुरू होते. रुग्णाची भाषा कोणते भेद दाखविते आणि कोणते झाकून टाकते, हा प्रश्न त्यामुळे वैद्यकाइतकाच भाषाभ्यासाचाही ठरतो.

प्रौढ माणसात ही स्नायुमय नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. गिळलेले अन्न केवळ स्वतःच्या भाराने खाली उतरत नाही. क्रमाने होणाऱ्या आकुंचनाची लाट त्यास पुढे ढकलते. खालच्या टोकाचे स्नायुवलय घास उतरताना सैल होते व एरवी मिटलेले राहते. हे वलय अवेळी सैल पडले, तर जठरातील आम्ल वर चढते. वाट अरुंद झाली किंवा लाट विस्कळीत झाली, तर अन्न अडते. बहुतेक सामान्य तक्रारी या दोन वर्गांत मोडतात.

पहिल्या वर्गातील लक्षणे म्हणजे छातीतील जळजळ, आंबट ढेकर आणि घशाशी येणे. 'घशाशी येणे' हा प्रयोग विशेष अर्थवाही आहे. मळमळ व जोर यांसह होणाऱ्या ओकारीहून, आपोआप वर येणाऱ्या आंबट पाण्यास तो नेमका वेगळा काढतो. परंतु या सर्वांवर 'पित्त झाले' एवढाच शिक्का मारला जातो. त्या शब्दास प्राचीन वारसा आहे. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि आधुनिक शारीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरणारा रस, तर जळजळ बहुधा जठरातील आम्लाची असते. अंगावर उठणाऱ्या गांधींनाही मराठीत पित्तच म्हणतात. अलीकडे रुळलेल्या 'ॲसिडिटी' या शब्दाने केवळ वेश बदलला, संदिग्धता तशीच राहिली. त्याच्या आड जठरव्रण लपतो. अशा अनेक व्रणांमागे १९८२ मध्ये मार्शल व वॉरन यांनी शोधलेला जिवाणू असतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा उपचार आहे. त्याच आडोशाला कधी पित्ताशयातील खड्यांची वेदना, तर कधी हृदयविकाराची कळही असते. अन्ननलिका व हृदय यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागांत पोहोचत असल्याने हा भ्रम प्रत्यक्ष शरीरातही घडतो.

दुसऱ्या वर्गात मात्र मराठी बोली अधिक सूक्ष्म आहे. घन अन्नाचा तो घास आणि द्रवाचा तो घोट. प्रथम भाकरीचा घास अडू लागला, मग मऊ भात, पुढे पेज आणि अखेरीस पाण्याचा घोटही, असा क्रम असेल, तर नळी उत्तरोत्तर अरुंद होत असल्याचा संशय येतो. त्यात व्रणाच्या वणाने आलेला संकोच असू शकतो, तसाच कर्करोगही. आरंभापासून घास व घोट दोन्ही अडत असतील, तर दोष बहुधा स्नायूंच्या गतीत असतो. अकॅलेशिया या विकारात खालच्या भागातील चेतापेशी नष्ट होतात व वलय सैल होत नाही. याउलट घशात गोळा असल्याचा भास होतो, पण अन्नपाणी सुखाने उतरते, तेव्हा मार्गात अडथळा असण्याचा संभव कमी असतो. शोकात 'आवंढा दाटतो' असे म्हणणाऱ्या भाषेला हा भासही अपरिचित नाही.

तात्पर्य, वैद्यकीय मराठीची उणीव केवळ नव्या संस्कृतोद्भव संज्ञा घडवून भरून निघणारी नाही. 'पित्ताचा त्रास आहे का?' या प्रश्नाला होकार मिळतो, पण माहिती मिळत नाही. 'घास अडतो, की घोटही? केव्हापासून?' हा प्रश्न रुग्णाच्याच शब्दांत रोगाचा मार्ग उलगडतो. तंबाखू वा मद्याचे सेवन करणारा, वजन घटत चाललेला मनुष्य महिनोन्महिने 'पित्ता'ची औषधे घेत राहिला, तर एका संदिग्ध शब्दाची किंमत त्याला आयुष्याने मोजावी लागते.