विमानाचा आवाज ध्वनिमुद्रणात का मावत नाही

लढाऊ विमानांच्या सिम्युलेशन खेळांत, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या संगणकीय खेळांत, प्रत्यक्ष इंजिनाचे ध्वनिमुद्रण वापरले की आवाज आपोआप खरा होतो, असा समज रूढ आहे आणि जाहिरातीही तोच दृढ करतात; परंतु ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. भारतीय वायुसेनेच्या ९१व्या वर्धापनदिनानिमित्त ३० सप्टेंबर २०२३ रोजी भोपाळच्या भोजतालावर हवाई कसरती झाल्या, तेव्हा तलावाच्या निरनिराळ्या काठांवर उभ्या असलेल्या प्रेक्षकांपर्यंत एकाच विमानाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी आणि वेगवेगळ्या रूपात पोचणे अटळ होते. त्यांपैकी कोणता आवाज खरा मानायचा, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे.

जेट इंजिन हा एकच ध्वनिस्रोत नसतो. पुढच्या बाजूला हवा दाबणाऱ्या फिरत्या पात्यांची तीव्र शीळ प्रामुख्याने ऐकू येते, तर मागून सुटणाऱ्या तप्त वायूच्या झोताची गर्जना मागील तिरप्या दिशेला सर्वाधिक असते. म्हणून विमान जवळ येताना शीळ आणि ते डोक्यावरून गेल्यावर गडगडाट, असा क्रम अनुभवाला येतो. त्यात डॉप्लर परिणामाची, म्हणजे स्रोताच्या गतीमुळे स्वराची उंची बदलण्याची भर पडते. ताशी ७२० किलोमीटर वेगाने थेट श्रोत्याकडे येणाऱ्या आणि तसेच दूर जाणाऱ्या विमानाचा एकच स्वर जवळजवळ दोन सप्तके खाली उतरतो, मात्र विमानासोबतच जाणाऱ्या वैमानिकाला हा बदल मुळीच जाणवत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने ३.४ किलोमीटरवरील विमानाचा आवाज दहा सेकंद उशिरा पोचतो, आणि वाटेत हवा उच्च कंप्रतेचे ध्वनी अधिक शोषून घेत असल्याने दूरच्या विमानाची केवळ घरघर उरते.

झोताच्या गर्जनेचे गणित जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली मांडले. झोतातील खळबळ, म्हणजे वायूची अनियमित भोवरेदार गती, स्वतःच ध्वनी निर्माण करते आणि त्या ध्वनीची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, हा त्यांचा निष्कर्ष होता. ध्वनीपेक्षा मंद झोतांना लागू असलेल्या या नियमानुसार वेग दुप्पट झाला की ध्वनिशक्ती २५६ पट होते. प्रवासी विमानांची रुंद इंजिने तुलनेने शांत का असतात, याचे उत्तरही येथेच आहे, कारण ती पुष्कळ हवा कमी वेगाने मागे ढकलतात. विमानाची भव्यता सर्वांच्या लक्षात राहते, पण तिच्या गर्जनेचा अर्थ लावणाऱ्या या गणितज्ञाचे नाव सामान्य वाचकापर्यंत फारसे पोचलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आफ्टरबर्नर लावल्यावर, म्हणजे झोतात जादा इंधन जाळून धक्का वाढवल्यावर, गर्जनेत कोरे मांजरपाट टरकावल्यासारखा तडतडाट मिसळतो. ध्वनिशास्त्रज्ञ फोक्स विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली त्याचे कारण दाखवून दिले: दाब क्षणार्धात तीव्रपणे चढतो आणि त्यानंतर सावकाश उतरतो. हीच अणकुचीदार शिखरे मायक्रोफोनची मर्यादा ओलांडली की छाटली जातात, त्यामुळे अगदी अस्सल विमानाजवळ केलेले मुद्रणही या तडतडाटाला मुकू शकते.

म्हणून उत्तम खेळात ध्वनिमुद्रण हा केवळ कच्चा माल असतो. दिशा, अंतर, विलंब, हवेचे शोषण आणि कॉकपिटची काच व हेल्मेट यांतून गाळून येणारा बदल या सर्वांचा हिशेब संगणकाने क्षणोक्षणी करावा लागतो. वायुसेनेनेही ३१ जुलै २०१९ रोजी आपला मोबाइल खेळ प्रसिद्ध केला, यावरून विमानांची पहिली ओळख खेळांतून होणारी पिढी किती मोठी आहे, हे लक्षात येते. अशा पिढीला योग्य विज्ञान मिळावे, म्हणून खेळ निवडणाऱ्यांनी 'अस्सल ध्वनिमुद्रण' या शब्दांवर विसंबू नये. बाहेरच्या दृश्यात विमान डोक्यावरून जाऊ द्यावे आणि आवाज उशिरा येतो का, स्वर उतरतो का आणि शिळेची जागा गर्जना घेते का, हे स्वतः तपासून पाहावे.