प्रकाश रेणूचा की कोंदणाचा?

१९६२च्या शोधनिबंधात ओसामू शिमोमुरा व सहकाऱ्यांनी ‘इक्वोरिया’ जेलीफिशमधल्या एका हिरव्या प्रथिनाची नोंद केली. निळा प्रकाश पडला की ते हिरवे उजळते. या पिंपाच्या आकाराच्या प्रथिनाच्या गाभ्यात एक चिमुकला रंगधारी भाग असतो. रसायनशास्त्रज्ञांनी तसाच रेणू प्रयोगशाळेत बनवला. पण तो चमकेना! मोकळ्या द्रावणात तो पिळवटतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून तो उजळतो.

२०११मध्ये सॅमी जाफ्री यांच्या गटाने या रेणूत फ्लोरीनचे दोन अणू बसवले आणि त्याला धरणारा ‘स्पिनच’ नावाचा आरएनए घडवला. तो शेपटासारखा जोडला, की जिवंत पेशीतला दुसरा आरएनए दिसू लागतो. जेलीफिशकडून नुसता रंग घेऊन भागले नाही. कोंदणही शोधावे लागले.