पोफळाच्या टोपीखाली

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे, सामान घ्यायला उभे राहिले की माझा हात आधी सुपारीच्या शिपटीकडे, म्हणजे घडाकडे, जातो. माटोळीच्या मधोमध हिरवीगार, भरलेली शिपटी लोंबली नाही तर घरातल्या मोठ्यांना चैन पडत नाही. यंदा एक चांगली जड शिपटी उचलली, जरा हलवली आणि पाच-सहा पोफळे टपटप पायाशी पडली. टोप्या मात्र शिपटीलाच राहिल्या. एक फळ उचलून पाहिले. देठाच्या बाजूला, जिथे टोपी घट्ट बसलेली असते तिथे, पाणी मुरल्यासारखा काळपट हिरवा डाग होता. बोट दाबले तर साल मऊ लागली. विकायला बसलेल्या मावशीने ती शिपटी माझ्या हातून काढून घेतली, दुसरी पुढे केली आणि म्हणाली, "कोळेरोग रे बाबा. औंदू पावसान सोडलेंच ना."

घरी येऊन माटोळी बांधताना ते पडलेले पोफळ डोक्यातून जाईना. माटोळीला आपण काय काय बांधतो, हे एकदा झाडाच्या बाजूने पाहावे. तोरंजाच्या सालीतले झणझणीत तेल, जिभेला मुंग्या आणणारे तिरफळ, कडू कवंडळ, आणि खाली स्वयंपाकघरात पातोळ्यांसाठी धुऊन ठेवलेली हळदीची सुगंधी पाने. हे वास आणि ह्या चवी झाडांनी आपल्यासाठी केलेल्या नाहीत. पाय नसलेल्या जिवाने कीड, बुरशी आणि जिवाणू यांच्यासाठी भरून ठेवलेला हा दारूगोळा आहे. सुपारीही त्यात कमी नाही. तोंड आवळून टाकणारा तिचा तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. मग इतके हत्यार अंगात असलेले फळ टोपीशी कुजून पडते कसे?

शत्रूची ओळख आधी करून घेऊ. कोळेरोगाला कर्नाटकात महाळी असेही म्हणतात, आणि 'कोळे' हा शब्दही कन्नडातल्या कुजण्यावरून आला आहे. म्हैसूर संस्थानात काम करणारे कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० साली या रोगावर सविस्तर लिहिले. रोग करणारा जीव फायटोफ्थोरा कुळातला. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थच झाडांचा संहारक. १८४५ पासून आयर्लंडमधले बटाटे कुजवून सुमारे १० लाख माणसांच्या मृत्यूला कारण ठरलेला जीव याच कुळातला. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणतो, पण नात्याने तो तपकिरी सागरी शेवाळांच्या जवळचा. त्याचे बीजाणू पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात, आणि पानावर किंवा फळावर पाण्याचा पातळसा थर मिळाला की ते हवी ती जागा शोधत जातात. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दुपारीही झाडे निथळत असतात, आणि टोपीच्या कडेला अडकलेला थेंब दिवसच्या दिवस सुकत नाही. पोहणाऱ्या बीजाणूला याहून चांगले तळे कुठले मिळणार!

तरी फळ सहजासहजी हार मानत नाही. पहिला अडसर सालीवरच्या मेणाचा. त्यातून वाट काढून जंतू पेशीपर्यंत पोचला की खरी गोष्ट सुरू होते. झाडाला रक्त नाही, आपल्यासारख्या अंगभर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. तिथे प्रत्येक पेशी स्वतःच पहारेकरी असते. तिच्या बाहेरच्या पडद्यावर संवेदक बसलेले असतात, आणि ते जंतूचे असे तुकडे ओळखतात की जे जंतूला टाकून देता येत नाहीत: जिवाणूच्या शेपटीचे प्रथिन, बुरशीच्या भिंतीतले कायटिन, फायटोफ्थोराच्या भिंतीतली साखरेची साखळी. जिवाणूला पोहायचे तर शेपटी हवीच, म्हणून झाडाने नेमकी तीच खूण धरली आहे. खूण पटली की काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम धावत येते, जंतूला भाजणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि भिंतीला आतून कॅलोजचे लिंपण बसते. पानांवरची श्वासाची छिद्रेसुद्धा जिवाणूची चाहूल लागताच मिटतात. ती छिद्रे म्हणजे सताड उघडी दारे, असे पूर्वी मानत. २००६ साली तसे नाही हे दाखवले गेले, तेव्हा अनेकांना नवल वाटले होते.

काही हत्यारे आधीपासून भरलेली असतात आणि काही हल्ला झाल्यावर घडवली जातात. हा भेद १९४० साली जर्मनीत म्युलर आणि ब्योर्गर या दोघांनी बटाट्यावर दाखवला. आधी फायटोफ्थोराचा निष्प्रभ वाण बटाट्याला लावला, मग त्याच जागी घातक वाण लावला, तर तो पसरेना. पहिल्या चाहुलीनंतर बटाट्याने नवे काहीतरी तयार केले होते. त्या पदार्थांना त्यांनी फायटोअलेक्सिन म्हटले.

एवढ्यावर भागले असते तर जगात रोगच उरला नसता. पण जंतूही शिकला. फायटोफ्थोरा पेशीत घुसताना लहान लहान प्रथिने आत सोडतो. त्यांचे काम एकच, झाडाचा गजर वाजू न देणे. बटाट्याच्या फायटोफ्थोराची जनुकावली २००९ साली वाचून झाली, तेव्हा अशा एकाच घराण्यातल्या प्रथिनांची ५०० हून अधिक जनुके त्यात सापडली. एका जंतूजवळ कुलपे उघडण्याच्या पाचशे किल्ल्या! त्यावर झाडानेही दुसरी फळी उभी केली. पेशीच्या आत बसलेले रक्षक त्या किल्ल्याच ओळखतात, आणि ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून टाकते. भोवतीच्या काही पेशीही तिच्यासोबत मरतात. जिवंत पेशीवर पोसणारा जंतू त्या मेलेल्या वाड्यात अडकतो.

हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. डिचोलीच्या कोणत्याही शेताच्या बांधावर बसून भाताचे पान उलटून पाहा. करपा ज्या जातीवर चालून जातो तिच्या पानावर होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी पडलेले डाग दिसतात आणि ते वाढत एकमेकांना मिळतात. शेजारच्या वाफ्यातल्या दाद न देणाऱ्या जातीवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके असतात, आणि ते तेवढेच राहतात. शेतकऱ्याला ठिपके दिसले की काळजी वाटते, पण ते ठिपके भाताने जिंकलेल्या लढायांच्या खुणा आहेत. जातीजातीतला हा फरक जनुकांचा. हॅरॉल्ड फ्लोर यांनी अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात जवस आणि त्यावरचा तांबेरा यांचे वर्षानुवर्षे संकर करून १९४० च्या दशकात दाखवले की झाडाच्या प्रत्येक रक्षक जनुकासमोर जंतूचे एक जनुक उभे असते. पुढे १९९५ साली आफ्रिकेतल्या रानभातातले एक्सए २१ हे असेच एक रक्षक जनुक वेगळे काढले गेले. ते आणि आणखी दोन जनुके सांबा मसुरी या भातात संकराने आणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी कडा करपा सोसणारी सुधारित सांबा मसुरी २००८ साली शेतकऱ्यांना दिली. रानातले भात आपण गवत म्हणून उपटतो. त्यात काय काय दडलेले असेल, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

पोफळीतले असे जनुक आजवर बागायतदाराच्या हाती लागलेले नाही. बी रुजल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षे, मग त्या झाडाची पारख, मग पुढची पिढी. भाताच्या दहा पिढ्या होतात तेव्हा पोफळीची एक होते, आणि तेवढ्यात फायटोफ्थोराच्या कितीतरी. शिवाय झाडाला गजर सतत चालू ठेवून जगता येत नाही. ज्या झाडांत बचावाची यंत्रणा कायम जागी राहते ती प्रयोगशाळेत खुरटलेली दिसतात. जे अन्न फळात जायचे ते पहाऱ्यावर खर्च होते.

मुसळधार पावसात झाडाला हवी असते ती उसंत, आणि माणसाने ती बोर्डो मिश्रणाने दिली. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना फासत. त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिले आणि १८८५ साली औषध जगापुढे ठेवले. आमच्या कुळागरांत मे अखेरीस ते आजही कालवले जाते: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. लोखंडी भांडे चालत नाही. कालवून झाल्यावर लखलखीत सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, नाहीतर फळे भाजतात. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी. गाठ पडते ती दुसरीलाच. मये गावच्या एका बागायतदार काकांना मी जुलैत विचारले, तर ते आकाशाकडे बघत एवढेच म्हणाले, "पावस रावना, वखद केन्ना मारप?" फळे उतरवणारा पाडेली निसरड्या खोडावर चढणार कसा? हल्ली तर पाडेली मिळणेच मुश्कील झाले आहे. तांबे झाडाच्या आत जात नाही, ते फक्त बाहेर पोहणाऱ्या बीजाणूंना मारते. थर धुऊन गेला की पुढची लढाई पोफळाने एकट्याने लढायची. कर्नाटकात पूर्वीपासून घडांना गवताच्या टोप्या बांधत आले आहेत. माझ्या मते ती युक्ती तांब्याइतकीच शहाणी आहे, कारण पाणीच नसेल तर पोहणार कुठे?

परसातल्या वांग्याची गोष्ट याहून वेगळी, आणि मला अधिक हळहळ लावणारी. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी माना टाकते, पाने हिरवीच, आणि चार दिवसांत संपते. आमच्या आंबट, जांभ्या मातीत हा मर रोग फार. खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभे धरा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखा धागा हळूहळू खाली उतरतो. तो धागा म्हणजे लक्षावधी राल्स्टोनिया जिवाणू. मुळातून शिरून ते पाण्याच्या नळ्यांत भरतात आणि आपल्या चिकट लाळेने त्या बुजवून टाकतात. झाड भर पाण्यात तहानेने मरते. तग धरणाऱ्या जाती आतून नळ्यांच्या भिंती जाड करतात, कुठे नळीत फुगे सोडून वाट बंद करतात. मोहरीच्या भावकीतल्या अराबिडॉप्सिस या रोपात तर २०१५ साली एक विलक्षण गोष्ट उलगडली: तिथल्या एका रक्षकाने जिवाणूला हवे असलेले भक्ष्य आमिष म्हणून स्वतःच्याच अंगाला जोडून घेतले आहे. जिवाणूचे प्रथिन त्याला चावले की गजर होतो. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर रोग सोसणाऱ्या वांग्याच्या जाती दिल्या आहेत, आणि तिथल्या संशोधकांनी वांग्याच्याच अंगात निरुपद्रवी राहणारे, राल्स्टोनियाला रोखणारे जिवाणू वेगळे काढून २००९ साली त्यावर लिहिले. म्हणजे झाडाने पहारा द्यायला बाहेरची माणसेही ठेवलेली असतात.

नवरात्रानंतर पाऊस ओसरला तेव्हा पुन्हा मयेला गेलो. काका गळलेली पोफळे वेचून बांधाबाहेर जाळत होते, कारण त्यातलेच बीज पुढल्या पावसात परत वर चढते. पाटाच्या टोकाला एका पोफळीच्या खोडाला लाल चिंधी बांधलेली दिसली. तिच्या भोवतालची झाडे निम्मी रिकामी, आणि हिच्या तिन्ही शिपट्या भरलेल्या. फवारा तिलाही एकदाच मिळाला होता. काका म्हणाले, गेल्या वर्षीही ही अशीच राहिली. मी वर पाहिले. झाड कडेला, उताराचा वारा थेट लागतो, थेंब लवकर सुकत असणार. हे मी बोलून दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, म्हणूनच हिचे बी दोन जागी लावणार आहे, अर्धे इथे कडेला आणि अर्धे मधल्या ओलीत, जिथे सगळ्यांत जास्त गळते तिथे. पिकलेली पोफळे त्यांनी विरीच्या तुकड्यावर सावलीत पसरली. त्यांतले एक मला दिले. टोपी जागच्या जागी घट्ट होती.