अद्भुताच्या आडोशाला प्रेम

मराठी कादंबरीत प्रेम आणि अद्भुत ही जोडी एकत्रच अवतरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याआधीची, १८५७ची; पण ती विधवांच्या हालअपेष्टांची कहाणी, शिवाय ख्रिस्ती धर्मप्रचाराचा हेतू तिच्यात उघड दिसे. नवशिक्षित वाचकाला हवे होते ते वेगळेच: राजपुत्र, सुंदर आणि सद्गुणी नायिका, कारस्थानी दुष्ट, भुयारे, अरण्ये, वेशांतर, ताटातूट आणि शेवटच्या पानांत सगळ्यांची भेट. हे सामान संस्कृत आख्यानांतून आले तसे अरबी गोष्टींतूनही आले. त्या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी याच सुमारास मराठीत आणायला घेतल्या होत्या.

प्रेमाची गोष्ट सांगायला भुयारे आणि चमत्कार कशाला लागतात, याचे उत्तर रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेतच देऊन टाकले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या लोकांची लग्नाची रीत आणि एकंदर राहणी अशी आहे की रोजच्या आयुष्यात रस वाटावा असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. लेखकाने स्वतःच्या कादंबरीबद्दल इतके स्वच्छ बोलावे, हे मराठीत पुढे फारसे घडलेले नाही. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी, तेही वडीलधाऱ्यांनी ठरवलेले. अशा समाजात तरुण-तरुणीने एकमेकांना पाहणे, आवडणे, झुरणे हे घडायचे तर ते एखाद्या काल्पनिक राज्यातच. चमत्काराचा उपयोग इथे जादू दाखवण्यासाठी फारसा नव्हता. दोन माणसांना लग्नाआधी एकमेकांशी बोलता यावे एवढी मोकळी जागा त्याने करून दिली.

रिसबुडांचे निदान मात्र अर्धेच खरे. मराठी माणसाच्या आयुष्यात शृंगार नव्हता, असे म्हणायला लावणी आड येते. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर परशराम हे नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याचे, बावी गावचे, जातीने शिंपी. त्यांच्या आणि रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांत विरह, मत्सर, रुसवा, ओढ हे सारे आहे, आणि ते राजपुत्रांचे नाही. अडचण अनुभवाची नव्हती, अब्रूची होती. फडावर गायले जाणारे प्रेम छापील पुस्तकात घेणे पांढरपेशा लेखकाला परवडणारे नव्हते. त्याने लावणीतली धग बाहेर ठेवली आणि संस्कृत काव्यातली उपवने आत घेतली.

आज ही पुस्तके वाचताना त्याची किंमत दिसते. वर्णने लांबतात, योगायोग पानोपानी येतात, नायिकेचे मुख्य काम वाट पाहणे आणि मूर्च्छित होणे. खलपुरुष तेवढा जिवंत वाटतो, कारण कथेत काहीतरी स्वतःहून करणारा तो एकटाच असतो.

वाचकांच्या परखड मतांसाठीही फार वाट पाहावी लागली नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या प्रकारातल्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२चा. बाल्झाक, ह्यूगो, झोला वाचलेल्या या गृहस्थाने मराठी कादंबऱ्यांना त्याच मापाने मोजले आणि बहुतेकींना नापास केले. मधल्या काळात हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून घरातल्या स्त्रीचे रोजचे जिणे कादंबरीत आणून दाखवले होते. रोजच्या आयुष्यात रस नाही, ही तक्रार त्यानंतर टिकण्यासारखी नव्हती. पण आपट्यांच्या सामाजिक कादंबरीत लग्न आहे, छळ आहे, करुणा आहे. प्रेमाला तिथेही फारशी जागा नाही.

अद्भुताचा वाचक त्यामुळे कमी झाला नाही. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे (१८८२–१९२८), शिकारीच्या वेळी कड्यावरून पडले आणि कमरेखालून लुळे होऊन अंथरुणाला खिळले. त्या अवस्थेत त्यांनी जे लिहिले त्यात १९१३ची ‘वीरधवल’ आहे. राजघराणे, कपट, साहस आणि प्रेम यांचा हा भरगच्च कारखाना कित्येक पिढ्यांनी रात्री जागून वाचला. समीक्षेच्या पुस्तकांत तिला अर्धा परिच्छेद मिळतो. लोकप्रियता आणि प्रतिष्ठा यांची फारकत मराठीत इतकी जुनी आहे.

ही पुस्तके पोचत कशी, याचे उत्तर वाचनालयांत आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे पहिल्या मराठी कादंबरीपेक्षाही सतरा वर्षांनी वडील. अशा संस्था सुरू झाल्या त्या सरकारी अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले मोजके लोक यांच्यासाठी, ज्ञानप्रसार हा त्यांचा जाहीर हेतू. कादंबरी या ज्ञानात बसत नव्हती, पण वर्गणीदाराला हवी असे. घरातल्या पुरुषाच्या नावावर आणलेले पुस्तक दुपारी माजघरात दुसऱ्याच कुणाच्या हाती जाई. मराठी प्रेमकथेचा मोठा वाचकवर्ग असा बराच काळ नोंदवहीबाहेरच राहिला.

प्रेम आणि अद्भुत यांची ताटातूट झाली ती मुख्यतः लग्नाच्या वयामुळे. संमतिवयाचा कायदा १८९१चा; शारदा कायदा १९२९चा, त्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ केले. शहरी मध्यमवर्गात कायद्याच्या आधीच मुली शाळा-कॉलेजात जाऊ लागल्या होत्या. आता तरुण-तरुणी भेटायला काल्पनिक राज्याची गरज उरली नाही. ना. सी. फडके यांनी ही संधी अचूक हेरली. ‘दौलत’सारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी प्रेमाला कॉलेज, बंगला, सहल अशा ओळखीच्या जागी आणले आणि १९३१च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कथानक कसे गुंतवायचे, उत्कंठा कशी ताणायची याचे तंत्रही सांगितले. त्यांच्यावर कृत्रिमतेचा आरोप झाला तो खोटा नाही. त्यांच्या पात्रांना पैशाची ददात नसते, आणि समोरासमोर बसून दोन वाक्ये बोलल्यास मिटेल असा गैरसमज प्रकरणामागून प्रकरणे चालतो. तरी भाषा एवढी सफाईदार की पुस्तक खाली ठेवता येत नाही. फडक्यांविषयी प्रामाणिक वाचकाची दोन्ही मते एकदमच खरी असतात.

त्याच वर्षांत या स्वप्नाची दुसरी बाजू ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिली गेली. मालतीबाई बेडेकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३चा, ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ची. शिकलेली, कमावती, वय वाढलेली मुलगी आणि तिच्या वाट्याला न आलेले प्रेम. गहजब झाला, लेखिका खरी कोण, याचा शोध सुरू झाला. काशीबाई कानिटकरांनी १९२८च्या ‘पालखीचा गोंडा’ या कादंबरीत वेगळाच मार्ग घेतला होता. त्यांनी एक काल्पनिक संस्थान उभारून तिथला कारभार स्त्रियांच्या हाती दिला. नायक-नायिकेची गाठ घालून देण्यापलीकडेही अद्भुताचा उपयोग असतो, हे ओळखणारे हे मराठीतले दुर्मीळ पुस्तक. आज ते वाचनात फारसे नाही, हे आपले नुकसान.

स्वातंत्र्यानंतर प्रेमकथा वाचनालयांच्या फडताळात स्थिरावली. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, चंद्रकांत काकोडकर ही नावे पुस्तक बदलायला येणाऱ्या वर्गणीदारांच्या तोंडी असत. समीक्षकांनी या लेखनाकडे पाहिले नाही, न्यायालयाने मात्र पाहिले. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातली काकोडकरांची ‘श्यामा’ अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. एका वाङ्मयप्रकाराचे सर्वांत काळजीपूर्वक वाचन न्यायमूर्तींनी करावे, हा योग चमत्कारिकच.

अद्भुताने या काळात पुराणाचा आश्रय घेतला. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची, तिच्या लेखकाला १९७४चे ज्ञानपीठ मिळाले. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. शाप, वरदान, कवचकुंडले सारे आहे, पण महाभारताच्या आधाराने आल्यामुळे त्याला कुणी पळवाट म्हणत नाही. विज्ञानाचा हात धरून आलेल्या कल्पनेलाही असाच मान मिळाला. नाशिकला डिसेंबर २०२१मध्ये भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. नारायण धारपांनी मात्र पुराण किंवा विज्ञानाचे प्रमाणपत्र न मागता भय आणि गूढ लिहिले, आणि त्यांना मिळाले ते वाचक, पुरस्कार नव्हेत. 

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या: ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या पुस्तकांच्या नावांनी. ‘मुक्तामाला’ ही रंजनाची वाट, आणि नेमाड्यांना ती मान्य नाही. त्यांची विभागणी पटण्यासारखी असली तरी तिच्यामुळे एक प्रश्न बाजूला पडतो: समाजात जे उघड बोलता येत नाही ते रंजनाच्या आडोशाने बोलले गेले, तर त्याला नुसते रंजन म्हणावे काय?

नव्या वाचकाकडे अद्भुत आले ते बाहेरून. ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून ती मालिका मराठीत निघाली, टॉल्कीनची मुद्रिकेची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणली. इंग्रजीत सध्या प्रेम आणि अद्भुत यांचे पुन्हा एकत्र झालेले जाडजूड खंड जोरात आहेत आणि मराठी घरांतली मुले-मुली ते मुळातूनच वाचतात. या पुस्तकांत नायिका तलवार चालवते, मूर्च्छित होत नाही. पण दोन खंड पुरणारा गैरसमज फडक्यांच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. अशी खंडमालिका मुळात मराठीत लिहिणे अवघड जाते, आणि त्याला प्रतिभेइतकाच व्यवहार कारण आहे. पहिला खंड संपल्याशिवाय प्रकाशक दुसऱ्याला हात घालत नाही, आणि गोष्ट अर्धवट राहील या धास्तीने वाचक पहिला खंड विकत घेत नाही.