नव्वद दिवसांचा दाखला

21 नोव्हेंबर 2025 रोजी चारही श्रमसंहिता देशभर लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत स्वतःच्या राहत्या घरासाठी पन्नास लाखांची मर्यादा आहे. घराचा खर्च त्याच्या आत असेल तर ते काम संहितेच्या लेखी बांधकामच नाही आणि त्यावर कामगार कल्याणाचा उपकरही नाही. आधी ही मर्यादा दहा लाखांची होती. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा बदल किरकोळ वाटेल. पण वारासिवनीत, कटंगीत, लांजीत पन्नास लाखांचं घर बांधणारे असे किती निघतील? आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला मिस्त्री आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, वर्षभर ज्या घरांवर राबतात, ती घरंच कायद्याने हिशेबाबाहेर ठेवली. करोनात याच उपकराच्या निधीतून मजुरांच्या खात्यावर पैसे आले होते. हे विसरायला पाच वर्षं पुरली.

लहान ठेकेदारांची खाती लिहिणं हा माझा व्यवसाय, म्हणून हे सगळं मी वह्यांमधून पाहिलं आहे. बांधकाम कामगारांचा कायदा 1996चा. पुढे कामगार कल्याण मंडळ आलं, फॉर्म आले, शिक्के आले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण इथल्या मजुराच्या आयुष्यात त्याने काही हललं नाही. धान निघालं की तो गोंदियामार्गे नागपूरला किंवा हैदराबादला जायचा, पावसाच्या तोंडावर परतायचा. 1 नोव्हेंबर 1956पर्यंत नागपूर ही आमची राजधानीच होती. राज्यं बदलली तरी मजुरांची वाट बदलली नाही.

मुक्काम करायचा तो 2016 नंतरच्या दशकात. नोटाबंदीच्या हिवाळ्यात ठेकेदारांना हप्त्याची रोजी चुकती करता येईना. 2017च्या जुलैत जीएसटी आला आणि सिमेंटवर 28 टक्के कर बसला. या दोन्हींतून आमचे ठेकेदार कसेबसे सावरत होते, तोच 24 मार्च 2020ची रात्र आली.

पाच दिवसांनी, 29 मार्चला, केंद्राने आदेश काढला की टाळेबंदीतही मालकाने पूर्ण मजुरी द्यावी. हेतू चांगला होता. पण ज्याची स्वतःचीच बिलं अडकली होती, त्या ठेकेदाराने ती कुठून द्यायची, हे आदेशात नव्हतं. 18 मेपासून तो आदेश उरला नाही. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलणी करून मार्ग काढावा, असं सांगितलं. सेंट्रिंग करणाऱ्या, घमेली वाहणाऱ्या माणसाने कोणाशी बोलणी करायची? त्याचा मुकादमच फोन उचलत नव्हता.

20 एप्रिलपासून बांधकामांना सवलत मिळाली. शहरात अट अशी की मजूर जागेवरच राहणारे हवेत, बाहेरून आणायचे नाहीत. सोबत सुरक्षेचे नियम आले. दारावर ताप मोजायचा, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर ठेवायचं, लिफ्टमध्ये किंवा हॉइस्टमध्ये आकारानुसार दोन किंवा चारच माणसं घ्यायची, मजुरांचा आरोग्य विमा सक्तीने काढायचा. नियम वाईट नव्हते. विम्याचा नियम तर फार चांगला होता, आणि तो टिकायला हवा होता याबद्दल मी आजही भांडेन. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वीस मजली इमारत होती. आमच्याकडे माल दोराने आणि डोक्यावरून चढतो. मिस्त्री, एक कुली, दोन रेजा एवढ्या कामावर पाळीच नसते, मग पाळ्यांमधलं अंतर कुठून आणायचं? तपासायलाही कोणी आलं नाही. जबाबदार ठेकेदारांनी मास्क आणि साबण पदरच्या पैशाने घेतले. त्या खर्चाची भरपाई कुठल्याही योजनेत नव्हती.

मदत आलीच नाही, असं मी म्हणणार नाही. 13 मे 2020ला अर्थमंत्र्यांनी रेल्वे, महामार्ग आणि केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेकेदारांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ दिली. रेराच्या प्रकल्पांनाही सहा महिने मिळाले. नोव्हेंबरात सरकारी कामांची अनामत तीन टक्क्यांवर आली. लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची विनातारण कर्जयोजना आली, पण तिचं माप 29 फेब्रुवारी 2020ला बाकी असलेल्या कर्जाच्या वीस टक्के असं होतं. आमचा ठेकेदार सिमेंट आणि सळ्या दुकानदाराच्या उधारीवर उचलतो. त्याच्या नावावर बँकेचं कर्जच नसतं, मग वीस टक्के कशाचे? मी अशांचे कागद घेऊन एका बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी फाइल उघडलीही नाही. कर्ज बुडवणाऱ्याला नकार मिळाला तर समजू शकतो. कधी कर्ज न घेतलेल्याला तोच नकार मिळाला, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मजुरांचं याहून वाईट झालं. उपकराच्या निधीतून सुरुवातीला मध्य प्रदेशाने नोंदणीकृत बांधकाम कामगाराला एक हजार रुपये दिले, महाराष्ट्राने दोन हजार. नोंदणीला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बालाघाटचा मिस्त्री ते दिवस नागपुरात भरायचा. तिथला मालक दाखला देत नव्हता, आणि तिथल्या कामाचा दाखला इथे मागितला की हात हलवत परत यावं लागे. दोन राज्यांच्या दोन मंडळांमध्ये तो कुठेच नव्हता. 2020च्याच मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातला एक मजूर हैदराबादहून, गरोदर बायको आणि लहानगी लेक लाकडी गाड्यावर बसवून, तो गाडा ओढत घरी आला. देशाने ते चित्र पाहिलं आणि हळहळला. त्याची नोंद कोणत्या मंडळात होती, हे विचारायला हवं होतं.

2021च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या एसटी आणि खासगी बसगाड्या बंद केल्या, सीमेवरच्या रजेगावची वाट पुन्हा अडली. त्या ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल आलं. पुष्कळांनी नाव नोंदवून कार्डं काढली. घरोघरी ती कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दिसतात. 2023मध्ये करोनाकाळात जप्त झालेल्या अनामतीचे 95 टक्के लघुउद्योगांना परत देण्याची योजना निघाली. 22 सप्टेंबर 2025पासून सिमेंटवरचा कर 28वरून 18 टक्के झाला. ठेकेदाराला उशिरा का होईना काही मिळालं, त्याचा मला आनंद आहे. मजुरांचा विमा मात्र साथ ओसरली तसा कामांवरून नाहीसा झाला, आणि आता पन्नास लाखांची मर्यादा आली.

भोपाळ आणि मुंबईच्या मंडळांनी एकमेकांच्या राज्यातल्या कामाचा दाखला मानावा. पन्नास लाखांच्या आतल्या घरावर केलेले दिवसही नोंदणीत धरले जातील, असं दोन्ही राज्यांनी आपल्या नियमांत स्पष्ट लिहावं. आणि वाचकहो, तुमचं घर बांधणारा मिस्त्री बालाघाटचा असो की भंडाऱ्याचा, स्लॅब टाकून झाल्यावर त्याला रोजीबरोबर कामाच्या दिवसांचा सही केलेला कागदही द्या.